प्रतिसाद: नऊ वर्षांच्या मुलीसाठी पहिले क्लॅरिनेट

बँडमधील ओळखीच्या वादकाकडचे जुने लाकडी क्लॅरिनेट मुलीसाठी घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सोलापुरात मुलाचे पहिले वाद्य लाकडी नसावे. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो, हवा कोरडी होते, आणि आतून फुंकेच्या ओलाव्याने फुगणारे पण बाहेरून सुकलेले लाकूड तडकण्याची भीती राहते. एबीएस या टणक प्लास्टिकचे बी-फ्लॅट (नेहमीच्या स्वराचे) क्लॅरिनेट, उदाहरणार्थ यामाहाचे वायसीएल-255, ही हवा सहज सोसते. शिवाय जुने वाद्य अल्बर्ट पद्धतीचे, म्हणजे चाव्या-छिद्रांच्या जुन्या रचनेचे, असू शकते. त्यावर बोटे ठेवण्याची रीत आज प्रचलित असलेल्या बोएम पद्धतीपेक्षा वेगळी असते, म्हणून शिकवणाऱ्या गुरुजींना आधी विचारावे.

दुकानात मुलीला सोबत न्यावेच. उजव्या अनामिकेने सर्वांत खालचे छिद्र झाकून बोट उचलले की त्यावर छिद्राचा पूर्ण गोल ठसा दिसला पाहिजे. माझ्या मुलाच्या बोटावर तो अर्धाच उमटत होता, तरी मी घाई केली आणि तो महिनाभर नुसत्या चिरक्या आवाजाने रडकुंडीला आला. पुढचे वरचे दुधाचे दात पडून नवे आलेले असावेत, कारण माउथपीस (तोंडात धरायचा भाग) त्यांवरच टेकतो.

वापरलेले वाद्य असेल तर वरचा भाग सुटा करून छिद्रे बोटांनी व खालचे तोंड तळव्याने बंद करावे आणि हलकेच हवा ओढावी. ओढ क्षणभर टिकली नाही, तर हवा गळते आहे असे समजून पॅड (चाव्यांखालच्या, छिद्रे झाकणाऱ्या गाद्या) बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. रीड (माउथपीसला लावायची, कंप पावून आवाज काढणारी पातळ पट्टी) दीड किंवा दोन क्रमांकाची, म्हणजे मऊ, घ्यावी.