मदत हवी आहे : गिटार रेकॉर्ड केली की डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज येतोय

रातकिडा_खानापूर
भुताटकीवर सहा गाण्यांचा हेवी मेटल अल्बम करायलोय. अ‍ॅम्पवर रिफ (परत परत येणारे गिटारचे तुकडे) भारी वाजतात, लॅपटॉपमध्ये घेतलं की डब्यात भुंगा कोंडल्यासारखं. भीती सोडा, हसू येतंय. गेन (सिग्नल किती ढकलायचा, म्हणजे आवाज किती फाटायचा ते) फुल केला, बेस वाढवला, अजून घाण झालं. ड्रमरची सुट्टी रविवारी संपते. कुठलं प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचं आवाजाचं साधन) घेऊ? नुसतं नाव सांगा.

टिळकवाडी_बेस
नाव सांगून काय होणार वो? गिटार कुठली, ट्युनिंग काय, तारा किती जाडीच्या, अ‍ॅम्पला माइक लावलाय की थेट? आधी हे लिहा.

निपाणी_डबलकिक
गिटारच्या मागं कशाला लागलाय? मेटल ड्रमवर उभं राहतं. किकला (पायानं वाजतो तो मोठा ड्रम) ३ ते ४ किलोहर्ट्झला थोडी धार द्या, ३०० हर्ट्झच्या आसपासचा पुठ्ठ्यासारखा आवाज कापा. गिटार आपोआप बसते.

रातकिडा_खानापूर
ड्रम ठीक आहेत हो. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा पिकअप) गिटार, ड्रॉप सी (सगळ्या तारा खाली उतरवून सहावी सी स्वरावर), तारा गिटारसोबत आलेल्याच, ०९-४२ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). डिस्टॉर्शन पेडलमधून थेट इंटरफेसला (गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा). सगळे असंच करतात ना?

टिळकवाडी_बेस
हे पहिल्यांदाच लिहायचं होतं. अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही. तुमच्या वाटेत स्पीकरच नाही, म्हणून पेडलची सगळी किरकिर तशीच आत जाते. तोच तुमचा भुंगा. पेडलनंतर कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल) लावा. ती चालवणारा लोडर फुकट मिळतो, चार बाय बाराचे (बारा इंची चार स्पीकरच्या पेटीचे) आयआरही फुकट मिळतात. अ‍ॅम्प सिम्युलेटर (लॅपटॉपमधली नकली अ‍ॅम्प) वापरणार असाल तर त्यातली कॅब बंद करा. दोन कॅब एकावर एक बसल्या की गोधडीखालून वाजल्यासारखं होतं.

त्याहून बरं म्हणजे पेडल काढा. गिटार इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला कोरी घ्या, पीक उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा, डिस्टॉर्शन लॅपटॉपमध्ये द्या. उद्या टोन आवडला नाही तर परत वाजवायला नको. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते) १२८ सॅम्पल, तरच बोट आणि आवाज जुळतील.

आणि ०९-४२ वर ड्रॉप सी? सहावी तार सुतळीसारखी लोंबत असणार. जोरात मारली की सूर वर चढतो, मग खाली येतो, कॉर्ड बेसूर होतात. किमान ११-५६ लावा, मग बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (दाबलेला स्वर सुरात लागतो का ते) परत बघा.

कॅम्प_मिक्सवाला
गेन अर्ध्यावर आणा. एकच रिफ दोनदा वाजवून डावी-उजवी टाकली की गेन आपोआप वाढल्यासारखा वाटतो. गिटारला ७०-८० हर्ट्झखाली कापा. ड्रॉप सीची मोकळी सहावी तार ६५ हर्ट्झवर आहे, बेसचा सी ३२.७ वर. खालचं काम बेसचं, तिथं गिटारनं लुडबुड करू नये.

निपाणी_डबलकिक
दोनदा कशाला वाजवायचं? ट्रॅक कॉपी करा, २० मिलिसेकंद मागं सरकवा. झाली रुंद.

कॅम्प_मिक्सवाला
अन् मोबाइलच्या एका स्पीकरवर मोनोत वाजलं की दोन्ही एकमेकांना खातात, गिटार नळातून आल्यासारखी लागते. प्रत्यक्ष दोनदाच वाजवायचं. हा वाद दर महिन्याला का होतो?

रातकिडा_खानापूर
बरं, थांबलो की मागं गुंऽऽ येतंय त्याचं काय?

टिळकवाडी_बेस
हेही आधी सांगायचं असतं की. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या अ‍ॅडाप्टरला लावला असेल तर अर्थिंगच गेलं. उरलं ते सिंगल कॉइलचं ५० हर्ट्झचं. खुर्चीवर बसून गिटारसकट हळूहळू फिरा, एका कोनात गुणगुण एकदम पडते. तिथंच बसून वाजवा. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा) डिस्टॉर्शनच्या आधी.

सुळेभावी_तानपुरा
विषय भुताटकीचा आहे म्हणून सांगतो, भीती गेनमध्ये नसते, दोन स्वरांमधल्या अंतरात असते. ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं सा आणि तीव्र मध्यमावर उभं आहे. तुमच्या ट्युनिंगला मोकळी सहावी तार सा धरा. सहावा फ्रेट तीव्र म, पहिला फ्रेट कोमल रे. मारवा रागात हेच दोन आहेत आणि पंचम नाही, म्हणून कान टेकायला जागा शोधत राहतो. रिफमधून पंचम पूर्ण काढून बघा. पॉवर कॉर्ड (सा-पची जोडी) नकोत, सुटे स्वर घ्या.

कॅम्प_मिक्सवाला
हे खरं. जास्त गेनवर तीव्र मध्यमाची जोडी चिखल होते, म्हणून पण गेन कमी.

जांबोटी_घाट
सौंदत्तीच्या चौंडक्याचं रेकॉर्डिंग टाका मध्ये, अंगावर काटा येईल. गाणी मराठीत की कन्नडमध्ये?

हलगी_बैलहोंगल
चौंडकं यल्लम्माच्या भक्तीचं वाद्य आहे, भुताच्या गाण्यात कशाला ओढताय? घ्यायचंच असेल तर वाजवणाऱ्याला विचारून, पैसे आणि नाव देऊन घ्या. त्यापेक्षा हलगी घ्या. पावसाळ्यात कातडं ओलं होऊन सैल पडतं, दर टेकआधी शेकून घ्या. माइक हातभर लांब, तिरका. मधोमध रोखला तर पहिल्याच ठोक्याला क्लिप, म्हणजे रेकॉर्डिंग फाटणार.

निपाणी_डबलकिक
भूत कुठल्या राज्यातलं ते आधी ठरवा, मग भाषा. 😄

शहापूर_मास्टरिंग
मास्टर करताना आवाजाची सरासरी पातळी उणे १४ लफ्स, सर्वात वरचं टोक (ट्रू पीक) उणे १ डेसिबल.

कॅम्प_मिक्सवाला
अजून एक गिटार धड झालेली नाही आणि हे मास्टरवर पोचले.

रातकिडा_खानापूर
आयआर लावला, गेन अर्धा केला. भुंगा गेला! चार्जर काढल्यावर गुणगुण बरीच पडली, खिडकीकडे तोंड केल्यावर उरलेली. पण ५६ ची तार नटमध्ये (गिटारच्या मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बसत नाही, वरच राहते. ट्यून करताना टक् टक् करून उडी मारते.

टिळकवाडी_बेस
नटची खाच ४२ ची आहे. नट फाइल मिळाली तर उत्तम. नाहीतर जुन्या जाड तारेला बारीक सँडपेपर गुंडाळून हळूहळू घासा, दर चार-पाच हातांनी तार बसवून बघा. मग खाचेत पेन्सिलचं शिसं. रुंदी वाढवा, खोली नको. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरणार आणि मग नवा नटच.