मदत हवी आहे : भावाने अग्निवीर व्हावं का? चार वर्षांचा हिशेब लागतो, पाचव्या वर्षाचा लागत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात महिनाभर एकच विषय चाललाय आणि आता जेवतानाही बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे, म्हणून इथे विचारते.

धाकटा भाऊ १९ वर्षांचा. बारावी झाली, दीड वर्ष अग्निवीर भरतीची, म्हणजे फौजेत चार वर्षांसाठी घेतात त्या भरतीची, तयारी करतोय. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आमच्या भागात मिलिटरी ही नुसती नोकरी नाही. आपशिंगे मिलिटरी हे गाव सगळ्यांना माहीत असेल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. पप्पा १९९४ साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि २४ वर्षं नोकरी करून २०१८ला हवालदार म्हणून घरी आले. पलंगाखाली त्यांची काळी ट्रंक अजून आहे, पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव लिहिलेली. भाऊ त्याच ट्रंकेत आपले भरतीचे कागद ठेवतो.

त्याची तयारी बघून मन भरून येतं. पहाटे साडेचारला उठतो. पाण्याच्या टाकीपासून वेशीच्या कमानीपर्यंत आणि परत, असे सोळाशे मीटर पप्पांनी मोटारसायकलवर मोजून दिलेत. पप्पा घड्याळ धरून कमानीशी उभे असतात. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण ६० गुण, आणि तो ५ मिनिटं २५ सेकंदांत येतोय. म्हणजे ग्राउंडची, मैदानी चाचणीची काळजी नाही. काळजी पुढची आहे.

मी पुण्यात एका कारखान्यात पगारपत्रकांचं काम करते. दिवसभर लोकांच्या पगाराच्या स्लिपा बघते, म्हणून हाही हिशेब मांडून बसले. अग्निवीर भरतीची ही अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, मग ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत कापतात, म्हणजे हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि शेवटच्या वर्षी २८,०००. चार वर्षांत हातात पडतात सुमारे ११ लाख ७२ हजार. कापलेले ५ लाख २ हजार, तेवढेच सरकार घालतं, आणि व्याज धरून शेवटी ११ लाख ७१ हजार मिळतात, करमुक्त. सगळं मिळवून ४८ महिन्यांनी भागलं तर महिना ४८-४९ हजार येतात. राहणं, जेवण, वर्दी वेगळी. १९ वर्षांच्या, नुसत्या बारावी झालेल्या पोराला आमच्या कारखान्यात याच्या निम्मेही मिळत नाहीत. तेव्हा "अग्निवीराला पगारच नाही" हे बोलणं मला पटत नाही. चार वर्षांपुरता पगार चांगला आहे.

पण पप्पांच्या वेळची नोकरी आणि ही नोकरी शेजारी ठेवली की चित्र बदलतं. नियमित शिपायाचं मूळ वेतन २१,७००, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे (फौजेतल्या नोकरीचा जादा पगार) ५,२००, आणि दोन्हींवर महागाई भत्ता. अग्निवीराला महागाई भत्ता नाही आणि मिलिटरी सर्व्हिस पेही नाही. रजा वर्षाला ३० दिवस. नियमित जवानाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. चार वर्षांत लग्न करता येत नाही. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना पुढे नियमित सेवेत घेणार, बाकीचे घरी. घरी येणाऱ्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही.

पेन्शन म्हणजे काय असतं ते आमच्या घराने बघितलंय. पप्पा ४३व्या वर्षी घरी आले. माझं शिक्षण चालू होतं, भाऊ बारा वर्षांचा होता. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन दर महिन्याला खात्यावर येत राहिली म्हणून मी पदवीधर झाले. दोन वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड दाखवलं, पॉलिक्लिनिकची चिठ्ठी घेतली आणि खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. घरचा पैसा लागला तो रिक्षाचा आणि नारळपाण्याचा. पप्पांचे दोन जुने सोबती पुण्यात सोसायट्यांवर सुरक्षा रक्षक आहेत. खाली पेन्शन आहे म्हणून वरच्या तेवढ्याशा पगारात त्यांचं भागतं. २३ वर्षांचा पोरगा पेन्शनशिवाय त्याच खुर्चीत बसला तर काय करायचं, या विचाराने मला झोप लागत नाही.

घरात दोन बाजू आहेत. पप्पा म्हणतात, "आम्ही पैसे मोजून गेलो नव्हतो." आई म्हणते, "तुम्ही पेन्शनीवर बसून बोलताय." पप्पा यावर गप्प होतात आणि बाहेर जाऊन बसतात. दोघांचंही खरं आहे, म्हणून मला मध्ये बोलता येत नाही.

आईच्या मनातली दुसरी भीती कुणी मोठ्याने बोलत नाही, पण मी लिहिते. अग्निवीराला ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता कापत नाहीत. ड्युटीवर बरंवाईट झालं तर ४४ लाख सानुग्रह रक्कम, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी मिळतो. आकडा कोटीच्या वर जातो. पण नियमित जवान लढाईत गेला तर घरच्यांना शेवटच्या पगाराइतकी पेन्शन चालू राहते, तशी पेन्शन इथे नाही. एकाच खंदकात, एकाच चौकीवर शेजारी उभ्या असलेल्या दोन पोरांच्या आईबापांमध्ये हा फरक का असावा, हे मला अजून पटलेलं नाही.

दुसरा रस्ता पोलीस भरतीचा. महाराष्ट्र पोलीस शिपायाचं मूळ वेतनही २१,७०० पासूनच सुरू होतं, नोकरी निवृत्तीपर्यंत आणि राज्यातच. जुनी पेन्शन तिथेही नाही, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती बंद झाली. पण अट बारावीची आणि खुल्या गटाला वयाची मर्यादा २८, म्हणजे चार वर्षं फौजेत काढूनही भाऊ २३-२४व्या वर्षी पोलीस भरती देऊ शकतो. मग आधी काय करावं?

मला हे हवं आहे :

ज्यांच्या घरातलं कुणी अग्निवीर आहे त्यांनी सांगा, पोरांच्या हातात खरंच पैसे राहतात का? चार वर्षांत शिक्षण पुढे नेता येतं का, की ते कागदावरच राहतं? आणि फौजेतून आलेल्यांनी सांगा, २५ टक्क्यांत यायचं असेल तर पोराने पहिल्या दिवसापासून काय करावं? "देशसेवेत हिशेब कसला" असं कृपया लिहू नका. देशसेवा करणाऱ्याच्या घरातच वाढले आहे.

---

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, सांगली जिल्हा)

जय हिंद ताई. हिशेब बरोबर मांडलाय, त्यात एक भर घाला. जो २५ टक्क्यांत नियमित होतो त्याला सेवा निधीतलं स्वतःचं कापलेलं आणि त्यावरचं व्याज एवढंच मिळतं, सरकारचा वाटा नाही. पण त्याला पुढची किमान १५ वर्षं नोकरी आणि पेन्शन मिळते, तेव्हा त्याचं दुःख करू नये.

आता भावासाठी. फॉर्म भरताना जनरल ड्युटीवरच (जीडी, म्हणजे साधा शिपाई) अडून बसू नका. बारावीला सायन्स असेल तर टेक्निकल बघा, इंग्रजी-गणित बरं असेल तर क्लार्क-स्टोअरकीपर बघा. आमच्या वेळी पोरं छाती फुगवून जीडीला जायची, मीही गेलो. पण चार वर्षांनी बाहेर यायचं असेल तर हाताला काम असलेलं बरं. गाडी चालवणं, वायरलेस, वर्कशॉप, युनिटमध्ये जो कोर्स मिळेल तो मागून घ्यायचा. निवडीत चारही वर्षांचं बघतात, शेवटच्या महिन्यात पळून उपयोग नाही. फायरिंग, शारीरिक चाचणी, वागणूक सगळ्यांची नोंद होते. सिनिअर बोलले तर मनाला लावून घ्यायचं नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची अग्निवीरांसाठी पदवी आहे, तिचे निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. उरलेला अभ्यास मात्र रात्री जागून स्वतःच करायचा असतो. पदवी झाली आणि वय बसलं तर सीडीएस, म्हणजे अधिकारी होण्याची परीक्षा देता येते. तिथे लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० आहे, आणि मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००. पोराला सांगा, शिपाई म्हणून जायचं म्हणजे शिपाईच राहायचं असं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

---

प्रतिसाद (अग्निवीराची आई, कोल्हापूर जिल्हा)

माझा मुलगा दुसऱ्या वर्षात आहे. हातात २३,१०० येतात. जेवणाखाण्याचा खर्च नाही, त्यामुळे घरी १२ हजार पाठवतो. मी त्यातले ८ हजार त्याच्याच नावाने पोस्टात भरते, त्याला सांगितलेलं नाही. सोबतच्या दोघांनी पहिल्याच वर्षी हप्त्यावर महागडी मोटारसायकल घेतली, त्यांच्या हाती काही उरत नाही. तेव्हा पैसे राहतात का हे पोरावर आहे. एक मात्र सांगते, ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा स्वतःचं ताट स्वतः घासलं आणि आजीचे पाय चेपत बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुमच्या आईला मी फोनवर बोलायला तयार आहे.

---

धागाकर्ती

सुभेदार साहेब, काकू, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दोन्ही प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. सायन्स नाही, आर्ट्स आहे, त्यामुळे टेक्निकल जमणार नाही. क्लार्कसाठी बारावीला सगळ्या विषयांत मिळून ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० लागतात. भावाने लगेच ट्रंक उघडून मार्कशीट काढली. एकूण ६४ आहेत, पण एका विषयात ४७. म्हणजे जीडीच. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग ड्रायव्हिंग शिकून जातो."

आत्तापुरतं असं ठरलंय की पोलीस आणि अग्निवीर दोन्ही फॉर्म भरायचे आणि जिथे आधी नाव लागेल तिथे जायचं. पप्पांना हे अजून रुचलेलं नाही, पण त्यांनी हरकत घेतली नाही. अग्निवीर झाला तर सेवा निधीला कुणी हात लावायचा नाही, घराच्या स्लॅबलासुद्धा नाही, हे आईने पप्पांकडून कबूल करून घेतलं. काकू, आईला तुमच्याशी बोलायचंय, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते.

एक प्रश्न उरलाच आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांना २०२२ साली १० टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. पहिल्या तुकडीतली सैन्यातली पोरं जानेवारी २०२३च्या सुमारास ट्रेनिंगला गेली, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ संपता संपता पुरी होतात. त्या तुकडीतलं कुणी इथे असेल, किंवा कुणाचा भाऊ-मुलगा असेल, तर त्यांनी पुढे कुठे कुठे फॉर्म भरायचं ठरवलंय आणि युनिटमधून त्यांना काय सांगितलं जातंय, तेवढं जरूर लिहा. भावाचं ग्राउंड व्हायच्या आधी मला ते त्याच्यासमोर ठेवायचं आहे.