क्लेमेंटेचं जुनं कार्ड घ्यायचंय, कुठल्या सालचं घेऊ?

पुलापलीकडे:
नमस्कार मंडळी. पिट्सबर्गला राहतो, बेसबॉल आधी ओ की ठो कळायचा नाही पण आता मुलीला घेऊन इथल्या पायरेट्स टीमच्या मॅचेस बघतो. रॉबेर्तो क्लेमेंटे पुलावरून चालत पीएनसी पार्क स्टेडियमला गेलं की उजव्या बाजूची ती उंच भिंत दिसते ना, ती २१ फूट ठेवलीये कारण पायरेट्सचा जुना स्टार खेळाडू क्लेमेंटे, त्याचा जर्सी नंबर २१. तर या माणसाचं एक खरंखुरं जुनं, टॉप्स कंपनीने छापलेलं फोटोचं कार्ड घरात असावं असं फार वाटतंय. १९५५ चं रूकी कार्ड (म्हणजे त्याचं सगळ्यात पहिलं) बघितलं, पार मोडलेलं, दुमडलेलं सुद्धा हजार डॉलरच्या वर जातंय, ते नाही परवडणार. मग कुठल्या सालचं घेऊ? आणि ऑनलाइन बऱ्याच कार्डांवर "बॉब क्लेमेंटे" छापलेलं दिसतं, ती डुप्लिकेट आहेत का? पुढे विकायचं वगैरे डोक्यात नाही, मुलीला हातात धरून बघता आलं पाहिजे एवढंच.

लालबाग_ते_जर्सी:
डुप्लिकेट नाहीत हो, अस्सल आहेत ती. १९५५ आणि ५६ ला रॉबेर्तो छापलंय, मग १९५७ पासून १९६९ पर्यंत टॉप्सने बॉब केलं आणि १९७० ला परत रॉबेर्तो. त्याला ते बॉब अजिबात आवडायचं नाही, प्वेर्तो रिकोचा अभिमानी माणूस, आणि इकडे दरवर्षी पोरं च्युइंगमच्या पाकिटातून त्याचं कार्ड काढणार ते बॉब नावाचं. मला याचा अजून राग येतो. म्हणूनच सांगतो, साठच्या दशकातलं एक बॉबवालं घ्या आणि एक १९७३ चं घ्या, शेजारी शेजारी ठेवा.

१९७३ चं कार्ड तो गेल्यानंतर बाजारात आलं. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने ३००० वा हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं) मारला आणि त्याच ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं. आधी पाठवलेली मदत मधल्यामध्ये गायब होतेय असं कळलं म्हणून तो स्वतः निघाला होता. कार्ड उलटं करून मागचा तक्ता बघा, एकूण हिट्स बरोबर ३०००. एकही जास्त नाही.

कोपरे_तपासा:
वर सांगितलंय ते पटलं, फक्त घेताना काळजी घ्या. १९५७ पासून टॉप्सची साइज अडीच बाय साडेतीन इंच आहे, त्याहून जरा जरी कमी भरलं तर कडा कापून कोपरे नवे केल्यासारखे दाखवलेत असं समजा. भिंगातून बघा, जुन्या छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांचं असतं पण नाव आणि काळ्या रेघा सलग असतात, अक्षरांत पण ठिपके दिसले तर बहुतेक रीप्रिंट, म्हणजे नंतर छापलेली नक्कल. तुम्हाला विकायचं नाही ना, मग पीएसए (कार्डाची अवस्था तपासून १ ते १० ग्रेड देणारी कंपनी) ८ च्या नादी लागू नका, २ किंवा ३ ग्रेडचं घ्या, कोपरे झिजलेले पण चेहरा स्वच्छ असं. आणि १९७१ चं कार्ड बघून मोह होईल पण त्याला काळी बॉर्डर आहे, नुसतं हाताळलं तरी कडा पांढऱ्या पडतात, मुलीच्या हातात द्यायचं तर ते नको. पेनी स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी) घालून टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये) ठेवा, रबरबँड चुकून पण लावू नका.

सदाशिवपेठी_मीनल:
मी पुण्यात, बेसबॉलशी संबंध शून्य, पण धागा सगळा वाचला. आमच्याकडे बिग फनच्या बबलगमबरोबर क्रिकेटर्सचे फोटो यायचे ते आठवलं, माझ्या भावाने सगळे जपून ठेवलेत. एक विचारू का, नुसती प्रसिद्ध खेळाडूचीच कार्डं घेतात का लोक? बाकीच्यांचं काय?

लालबाग_ते_जर्सी:
मीनलताई, खरी मजा त्या बाकीच्यांतच आहे! १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सने नऊच्या नऊ कृष्णवर्णीय आणि लॅटिन खेळाडू उतरवले, मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) हे पहिल्यांदाच झालं, आणि त्याच वर्षी ते वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकले. त्यातला कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) मॅनी सँगियेन, पनामाचा. क्लेमेंटेच्या प्रार्थनासभेला सगळी टीम चर्चमध्ये होती, हा तिथे नव्हता, कारण हा समुद्रात बुड्या मारून मित्राचा मृतदेह शोधत होता. सापडला नाही. त्याचं १९७२ चं कार्ड दोन-चार डॉलरला मिळतं हो.

आणि स्टीव्ह ब्लास, त्या सिरीजची सातवी मॅच २-१ ने जिंकून देणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. १९७२ ला १९ मॅच जिंकला आणि पुढच्याच वर्षी त्याला चेंडू सरळ टाकता येईना, दुखापत नाही काही नाही, ३ जिंकल्या ९ हरल्या. १९७४ च्या कार्डामागचा तो आकडा वाचवत नाही. पण माणूस कडू झाला नाही, पुढे कितीतरी वर्षं पायरेट्सची कॉमेंट्री केली त्याने.

पुलापलीकडे:
धन्यवाद सगळ्यांना. मुलीला सँगियेनचं वाचून दाखवलं तर ती म्हणते आधी त्याचं घेऊया. १९६८ चं बॉबवालं एक बघून ठेवलंय, ३ ग्रेड. बाकी ही स्वस्तातली कुठे मिळतील?

कोपरे_तपासा:
कार्ड शोला जा, टेबलाखाली डॉलर बॉक्स (डॉलरला एक कार्ड असे खोके) असतात, सत्तरच्या दशकातली साधी कार्डं त्यात ढिगाने. टीमप्रमाणे लावलेली नसतात, वेळ काढून जा, आणि मुलीला शोधू दे.