रोमी कोकणीला मान्यता दिली तर भाषा फुटेल म्हणणाऱ्यांना उत्तर

म्हापसेकर
काल इथे एकाने लिहिलं की रोमी, म्हणजे गोव्यातल्या ख्रिश्चनांत रुळलेल्या रोमन लिपीतल्या कोकणीला गोव्याच्या राजभाषा कायद्यात जागा देणं म्हणजे पोर्तुगिजांचं जोखड पुन्हा मानेवर घेणं; ज्यांना देवनागरी येत नाही त्यांनी ती शिकावी, विषय संपला. विषय संपलेला नाही. मी मराठी शाळेत शिकलो, रोमी वाचताना आजही अडखळतो, तरी हे वाचून गप्प बसवेना.

1987 च्या गोवा राजभाषा कायद्यात कोकणीची व्याख्याच 'देवनागरी लिपीतली कोकणी' अशी आहे. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या म्हाताऱ्याने रोमीत लिहिलेला अर्ज कायद्याच्या लेखी कोकणी ठरतच नाही. आणि 1986 च्या डिसेंबरात कोकणी राजभाषा व्हावी म्हणून रस्त्यावर कोण उतरलं होतं? त्यांतले कितीतरी जण रोमीच वाचणारे होते. लोक मेले त्या आंदोलनात. दीड महिन्यात कायदा झाला आणि त्यात त्यांची लिपीच नव्हती.

आता पोर्तुगिजांचं. 1684 साली कोकणीवर बंदीचा हुकूम काढला तो पोर्तुगीज व्हाइसरॉयनेच. त्यानंतर ही भाषा प्रार्थनेत, गाण्यांत आणि मुंबईच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या राहण्याच्या क्लबांत, तगली. 1889 मध्ये पुण्यात पहिलं कोकणी नियतकालिक निघालं ते रोमीत. 1892 मध्ये मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांसह कोकणी नाटक, झाला; तियात्रांच्या संहिता आजही रोमीत लिहिल्या जातात. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रोमन अक्षरांत छापलं गेलं, ते आपण मराठीचं भूषण म्हणून मिरवतो. तिथे लिपी आड येत नाही, मग कोकणीतच का येते?

फोंड्याची मास्तरीण
म्हापसेकर, इतिहास मलाही पाठ आहे. मी कोकणी शिकवते, त्यामुळे रोजचं सांगते. 2011 च्या जनगणनेत कोकणी बोलणारे साधारण साडेबावीस लाख. तेवढ्यांत देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि भटकळच्या नवायत मुसलमानांची अरबी वळणाची, अशा पाच लिप्या. गोव्यातला वाचक मंगळूरची कथा वाचतो ती देवनागरीत आली तरच. 1975 ला साहित्य अकादमीने ही स्वतंत्र भाषा मानली, 1992 ला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. एवढं मिळवल्यावर पुन्हा वाटण्या करायच्या? दोन लिप्या म्हणजे दोन पाठ्यपुस्तकं, दोन प्रश्नपत्रिका, एका वर्गातली मुलं दोन बाकांवर. ते मी होऊ देणार नाही.

सासष्टीकार, मुंबई
बाई, पाठ्यपुस्तकं दोन करा असं म्हटलंय कोणी? आमचं दुखणं वेगळं आहे. माझ्या पुतणीने मडगावात निबंध लिहिला, देवनागरीतच. घरी आम्ही 'म्होजें' म्हणतो, तिने तेच लिहिलं. लाल शाईने खोडून वर 'म्हजें' केलं होतं. सगळ्या पानभर तशाच रेघा. पोर बापाला विचारते, पपा, आपण घरी चुकीचं बोलतो? देवनागरीबरोबर अंत्रुजची, म्हणजे फोंड्याकडची, बोली आली आणि तीच 'शुद्ध' झाली. रोमीत आमची बोली आम्ही बोलतो तशी उतरते. वाक्यात एक्स दिसला की आम्ही 'श' वाचतो, दोन एन दिसले की 'ण'. मिसाचं पुस्तक, 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक, मयताची चिठ्ठी, सगळं त्यात. माझी आई आयुष्यभर वाचत आली, सरकारी कागदावर मात्र अंगठ्याच्या रांगेत.

फोंड्याची मास्तरीण
'म्होजें' खोडणं चूकच. मी असते तर खोडलं नसतं. पण हा दोष शिक्षिकेचा झाला, लिपीचा नाही. देवनागरीत 'म्होजें' लिहायला कोणी हात धरलेला नाही.

डिचोलीकर
कोकणीच्या दोन लिप्यांवर एवढी मारामारी, आणि मराठीला राजभाषेचा दर्जा कधी? कायदा म्हणतो सरकारी कामात मराठीही वापरता येईल. वापरता येईल! आमच्या डिचोली, सत्तरी, पेडण्यात घरोघरी पेपर मराठी, भजन मराठी, नाटक मराठी. कायदा उघडायचाच तर आधी मराठीसाठी उघडा.

आणि रोमीवाल्यांना खरंच भाषेची एवढी काळजी असती तर 2011 ला काय झालं ते झालं नसतं. 1990 नंतर प्राथमिक शाळांना अनुदान हवं तर माध्यम कोकणी किंवा मराठी, असं ठरलं होतं. चर्चच्या शाळा कोकणीत आल्या. पुढे 2011 मध्ये इंग्रजी शाळांनाही अनुदान मिळताच त्याच शाळा पुन्हा इंग्रजीत गेल्या. आमच्या वाड्यावरची मराठी शाळा मुलांअभावी बंद पडली, मी तिथेच मुळाक्षरं गिरवली होती.

सासष्टीकार, मुंबई
म्हणजे तुमची शाळा ख्रिश्चनांनी बंद केली? जरा तोंड सांभाळून बोला. तुमच्या वाड्यावरची मुलं सासष्टीत गेली का शिकायला? ती तुमच्याच गावातून इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढली, आणि त्यांना चढवणारे तुमचेच शेजारी होते.

डिचोलीकर
अनुदान मागायला मोर्चे कोणी काढले तेही सांगा की.

म्हापसेकर
डिचोलीकर, 2012 ला सरकार बदललं, ज्यांनी मातृभाषेच्या नावावर मतं मागितली त्यांनीही ते अनुदान चालूच ठेवलं. त्यावरून 2016 मध्ये संघाच्या गोव्यातल्या प्रमुखाला पद सोडावं लागलं, हे विसरलात? एका धर्माच्या माथी मारायची गोष्ट नाही ही. माझी भाची मराठी सांगते स्वतःची मातृभाषा आणि मुलाला इंग्रजीत घालते.

फोंड्याची मास्तरीण
इथे मला बोलायलाच हवं. 1990 नंतर चर्चच्या कोकणी शाळांतून आलेली मुलं माझ्या वर्गात होती. देवनागरी सुरेख लिहायची, 'ळ' आणि 'ण' कधी चुकायची नाहीत. त्यांचे आईबाप रोमीतलेच. म्हणून मला राग येतो, की ती पिढी तयार होत होती आणि अनुदानाच्या एका निर्णयाने सगळं उधळलं. आज जे म्हणतात देवनागरी आमच्यावर लादली, त्यांचीच मुलं ती आनंदाने शिकत होती.

सासष्टीकार, मुंबई
बाई, शिकत होती, खरं आहे. पण घरी येऊन आजीला वाचून काय दाखवणार? आजीला ती अक्षरं येत नाहीत. आजीचं मुलाला वाचता येत नाही. आई-बापांनी इंग्रजी का निवडलं याचं अर्धं उत्तर इथे आहे. निदान ती अक्षरं तरी ओळखीची.

डिचोलीकर
हे उत्तर पटत नाही. आमच्या आज्या तर कुठलंच वाचत नव्हत्या, म्हणून आम्ही मराठी सोडली नाही.

मंगळूरचा, सध्या ठाणे
तुम्ही गोवेकर आपापसांत भांडताना आम्हाला नेहमीच विसरता. कर्नाटकात पावणेआठ लाखांवर कोकणी लोक आहेत. आमचं 'राकणो' साप्ताहिक 1938 पासून कन्नड लिपीत निघतंय. शाळेत तिसरी भाषा म्हणून कोकणी कन्नड लिपीतूनही शिकता येते, मुलं काही दोन बाकांवर बसली नाहीत. पण साहित्य अकादमीचा पुरस्कार हवा तर पुस्तक देवनागरीत हवं. आमच्याकडच्या लेखकाला आधी लिप्यंतर करणारा शोधावा लागतो, मग छापणारा, मग जे पुस्तक त्याच्या गावात कोणी वाचणार नाही त्याच्या प्रती घरात ठेवायच्या. सिंधीचं बघा: देवनागरी आणि अरबी, दोन्ही लिप्यांतली पुस्तकं अकादमी घेते. सिंधी फुटली का?

फोंड्याची मास्तरीण
सिंधीला फाळणीने तोडलं, त्यांची गत वेगळी. तरी पुरस्काराचं मान्य करते, नाइलाजाने. चांगलं पुस्तक कुठल्या लिपीत आहे म्हणून बाजूला पडू नये. अर्जही घ्या रोमीत, कारकुनाला दोन्ही लिप्या यायला काय हरकत आहे? पण पहिलीच्या पुस्तकाला हात लावाल तर मी विरोधात उभी राहीन.

म्हापसेकर
पहिलीच्या पुस्तकाला मी हात लावत नाही. पण अर्ज घ्या म्हणताय तर व्याख्येतले 'देवनागरी लिपीतली' हे शब्द बदलावेच लागतील. ते तसेच ठेवून घेतलेला अर्ज म्हणजे साहेबाची मेहेरबानी, उद्या दुसरा साहेब परत करील. तेवढ्या दुरुस्तीला तुमचा पाठिंबा आहे का, बाई?

फोंड्याची मास्तरीण
शाळांसाठी देवनागरीच राहील असं त्याच कलमात लिहून देणार असाल तर आहे. नाहीतर नाही.

सासष्टीकार, मुंबई
शाळांपुरतं लिहा, माझी हरकत नाही. पण 'म्होजें' खोडायचं नाही, हेही त्यात घाला.

डिचोलीकर
आणि मराठीचं?