मुंबईतल्या बागांमधे वर्षभर काय काय बघता येईल?

माटुंगेकर: नमस्कार मंडळी, लेक चौथीत आहे आणि तिला पक्षी-फुलपाखरांचा भारी नाद लागलाय. फाइव्ह गार्डन घरापासून चालत आहे पण तिथे कावळे कबुतरं सोडून बघायचं काय तेच कळत नाही, आणि दर रविवारी बोरिवलीचं नॅशनल पार्क काही जमणार नाही. कुठल्या महिन्यात काय बघावं? कॅमेरा नाहीये, साधी दुर्बीण आहे.

उंबरकर: फाइव्ह गार्डनला नावं ठेवू नका हो 😀 सगळी बाग फिरण्यापेक्षा वड, पिंपळ, उंबर असलं एकच झाड धरा आणि वर्षभर तेच बघा. फळं पिकली की बुलबुल, कोकीळ, तांबट सगळे पंगतीला हजर, आणि नशीब असेल तर हरियाल, आपला राज्यपक्षी, पण तो पानांत असा मिसळतो की हलल्याशिवाय दिसतच नाही. फेब्रुवारीपासून तांबटाचं टुक टुक टुक सुरू झालं की वाळक्या फांद्या खालच्या बाजूने बघा, गोल भोक दिसेल. पठ्ठ्या आत घुसून पोखरत असतो, मधेच चोचीत भुसा घेऊन डोकं बाहेर काढतो आणि झटकून देतो, लेकीला जाम आवडेल. फक्त पावसाआधीची छाटणी आली की लक्ष ठेवा, आमच्या गल्लीत नेमकी घरटं असलेली फांदीच उडवली, ओरडेपर्यंत खाली पण आली.

रानवाट: एक झाड वगैरे ठीक आहे पण पावसाळ्यानंतर एकदा तरी नॅशनल पार्कला न्याच. सोमवारी बंद असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमधे नीलवंत दिसेल, काळे पंख त्यावर निळे पट्टे, २०१५ पासून राज्य फुलपाखरू आहे. कारवीची झुडपं मात्र २०२४ ला फुलून गेली, ती आठ वर्षांनी एकदाच फुलतात, म्हणजे आता २०३२, तोवर लेक कॉलेजात 😅

खाडीकाठ: तुम्हाला धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बरं पडेल, सायनवरून जवळ. मिठीच्या काठावर पूर्वी कचऱ्याचं डंपिंग होतं तिथे हे जंगल लावलंय, आता खरं वाटत नाही. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक येतो, नराची पांढरी लांब शेपटी बघून पोरं गप्पच होतात. फ्लेमिंगोसाठी शिवडीला जाणार असाल तर भरतीचं टाइमटेबल बघूनच जा, ऐन ओहोटीला गेलात तर लांब चिखलात एक गुलाबी रेघ दिसेल बस. आणि आंब्यावर बांडगूळ असेल तर हळदीकुंकू फुलपाखरू शोधा, ते अंडी त्यावरच घालतं.

माटुंगेकर: मस्त!! पण बांडगूळ ओळखायचं कसं?

खाडीकाठ: आंब्याच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुपका दिसला की तेच. पानाच्या खालून बघा, पिवळी अंडी एकेक नाही, पुंजक्याने चिकटवलेली असतात. हात नका लावू.

उंबरकर: आणि दुर्बीण आधी लेकीच्या हातात द्या, नाहीतर सगळं तुम्हीच बघाल