उद्यमनगरातल्या ऑफिसला लिनक्स झेपेल का?

जॉबवर्क_कोल्हापूर:
शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे. ऑफिसात दोन पीसी, दोन्ही सहाव्या पिढीचे आय-५, ८ जीबी रॅम. विंडोज ११ हा प्रोसेसर घेत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काम म्हणजे टॅली, जीएसटी, मराठी पत्रं आणि एचपी १०२० वर बिलं छापणं. उबंटू २५.१० (लिनक्सचा एक प्रकार, विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकू का?

पेठेतला_पेंग्विन:
२५.१० नको भावा. त्याला अपडेट नऊच महिने, मग पुन्हा अपग्रेडचं दळण. मिंट २२ घ्या, तेही लिनक्सच. ते उबंटू २४.०४ वर बेतलेलं आहे, २०२९ पर्यंत बघायला नको. ८ जीबीत त्याचा सिनॅमन डेस्कटॉप आरामात चालतो.

खरी परीक्षा तुमच्या प्रिंटरची. १०२० स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटरला आतून चालवणारं सॉफ्टवेअर) साठवत नाही, दर वेळी चालू केला की ते कॉम्प्युटरकडून घेतो. एचपीलिपचं (लिनक्सवर एचपीचे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) प्लगिन नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, काम रांगेत जातं, कागद काही हलत नाही. लोक केबल बदलत बसतात! टर्मिनलमध्ये 'एचपी-सेटअप' (hp-setup) चालवा, ते प्लगिन मागेल, होय म्हणा. पुढे अपडेटमध्ये एचपीलिपची आवृत्ती बदलली की जुनं प्लगिन जुळत नाही, तेव्हा 'एचपी-प्लगिन' (hp-plugin) पुन्हा चालवायचं. हार्डडिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून एक बिल छापून बघा.

ताळेबंद:
टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) उघडली तरी हिशोबाची वही तिच्या भरवशावर ठेवू नये. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लिनक्सच्या आत दुसरी सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज चालवायचं तर रॅम १६ करा. त्यापेक्षा एक पीसी टॅलीपुरता विंडोजवर राहू दे, त्यावर मेल आणि इतर ब्राउझिंग बंद. रिटर्नचं म्हणाल तर प्रोप्रायटरशिपला ओटीपीवर ईव्हीसी (इलेक्ट्रॉनिक पडताळणी) चालतं, त्याला नुसता ब्राउझर पुरे. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर डीएससी (डिजिटल सही) लागते. तिचं यूएसबी टोकनही विंडोजवरच ठेवा.

देवनागरी_डेस्क:
मराठी टाइप करायला आयबसमध्ये (लिनक्सवर भाषा बदलून टाइप करायची सोय) इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड निवडा. लिब्रे ऑफिसमध्ये (एमएस ऑफिसऐवजी वापरायचं फुकट सॉफ्टवेअर) देवनागरीचा फाँट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठरतो, 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू केल्यावर तो रकाना दिसतो. नाहीतर १४ चा आकार देऊनही अक्षर १२ चंच राहतं. मंगल फाँट नसल्याने जुन्या पत्रांच्या ओळी सरकतील, नोटो सान्स देवनागरी लावून लेटरहेड एकदा जुळवून घ्या. श्रीलिपीतल्या (युनिकोड नसलेले जुने मराठी फाँट) फाइली मात्र युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय कामाच्या नाहीत.

जॉबवर्क_कोल्हापूर:
प्रोप्रायटरशिपच आहे. मग एका पीसीवर मिंट, दुसऱ्यावर टॅली. पार्टीकडून ड्रॉइंग डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडची फाइल) येतात, त्याचं काय?

पेठेतला_पेंग्विन:
लिब्रेकॅडला (लिनक्सवरचं ड्रॉइंगचं फुकट सॉफ्टवेअर) डीडब्ल्यूजी अर्धवटच जमतं. पार्टीकडून तेच ड्रॉइंग डीएक्सएफ या फाइल प्रकारात मागून घ्या, सोबत पीडीएफ पण. उघडल्यावर मापं पीडीएफशी ताडल्याशिवाय जॉब मशीनवर चढवू नका.