'रेड ड्वार्फ'चे पुनरागमन आणि ब्रिटिश विनोदाचा दर्जा

'रेड ड्वार्फ' पुन्हा काढावी लागली म्हणजे ब्रिटिश विनोद आटला, हे मत मला पटत नाही. १९८८ साली बीबीसी टूवर सुरू झालेली ही अंतराळात घडणारी विनोदी मालिका १९९९ नंतर दहा वर्षे थांबली आणि २००९ मध्ये डेव्ह वाहिनीवर तीन भागांत परतली, तेव्हा स्टुडिओत प्रेक्षक नव्हते. लिस्टर आणि रिमर या मुख्य पात्रांच्या भांडणाला जो ताल लागतो, तो प्रेक्षकांच्या हशाविना हरवला होता. २०१२ च्या दहाव्या पर्वात प्रेक्षक परतले आणि तालही परतला, याचा मला मनापासून आनंद झाला. खरी उणीव जुनी आहे: सहाव्या पर्वानंतर सहलेखक रॉब ग्रँट बाहेर पडले आणि डग नेलर यांच्याबरोबर जोडीने लिहिण्यातून संवादांना येणारी धार पुढे तशी राहिली नाही.